डब्याच्या झाकणावरच्या पट्ट्या

विमान समुद्रात पडलं त्याला बावीस वर्षं झाली होती, पण त्या घराच्या बैठकीत ते अजून दर रविवारी पडायचं. घरच्या बाईचे धाकटे दीर आले, चहाचा पहिला घोट घेतला, की सुरू.

"इंजिनात पाखरं शिरली, लिहून घे दादा!"

"अंधार पडल्यावर? रात्रपाळी लागली होती वाटतं पाखरांना!" दादा म्हणायचा. तो विमानतळावरचा निवृत्त मेकॅनिक. "वैमानिक चुकला. अहवालात छापलंय."

अहवालात 'बहुधा' असं छापलं होतं. विमानाचा सांगाडा खोल पाण्यात राहिला, त्यामुळे उचलली जीभ लावली टाळ्याला. दादाची बायको मात्र हातात गाळणी घेऊन दारात उभी असायची. तिला कुणी विचारलं नव्हतं.

त्या रविवारी वैमानिकाची मुलगी आली. तेव्हाची शाळकरी पोर, आता कानशिलावर पांढरे केस. तिच्या आईला लोकांनी मरेपर्यंत 'बुडव्याची बायको' म्हटलं होतं. चौकशी पुन्हा व्हावी म्हणून ही मुलगी विमानाला हात लावलेल्या प्रत्येकाचा जबाब गोळा करत होती.

"काका, बाबा शेवटपर्यंत रेडिओवरून टॉवरला विचारत होते, आपण किती उंचावर आहोत? उंची दाखवणारे काटे खोटं सांगत होते त्यांना."

"विमान त्या दिवशी मीच धुतलं," दादा म्हणाला. "त्याच्या अंगाला चार बारीक भोकं असतात. त्यांतल्या हवेवरून काट्यांना उंची कळते. पाणी जाऊ नये म्हणून चार पट्ट्या चिकटवायच्या, धुऊन झालं की काढायच्या. काढलेली पट्टी मी जेवणाच्या डब्याच्या झाकणावर लावायचो. माझी आपली सवय. घरी ही खरवडायची. विचार हिला, चारच्या चार!"

तो खोटं बोलत नव्हता. त्याचा आपल्या हातावर विश्वास होता. मोजायची ती.

विमान पडलं त्या आठवड्यात नेहमीची लाल पट्टी संपली होती. विमानाच्याच रंगाची, पटकन नजरेत न येणारी चंदेरी पट्टी वापरली होती. संध्याकाळी झाकणावर तीन निघाल्या. एखादी वाटेत पडली असेल, म्हणून तिने डबा घासून पालथा घातला. दोन तासांनी रेडिओने बातमी दिली. मग तिने पिशवी झटकली, सायकलची टोपली पाहिली, अंगण पाहिलं. घरात दोन लहान लेकरं होती, आणि हे कळलं असतं तर नवरा जगला नसता. आपल्या घरातला दिवा राखायला तिने दुसऱ्याच्या घरावर काजळी धरू दिली.

"वहिनी, सांगून टाका एकदा," दीर म्हणाले. "म्हणजे माझी पाखरं तरी सुटतील!"

कुणी हसलं नाही.

"काकू, आठवतंय तुम्हाला?"

"अगं, सांग ना," नवरा म्हणाला. किती निर्धास्त होता त्याचा चेहरा! लग्नानंतर पहिल्यांदा तिला सायकलवर पुढे बसवताना होता, तसाच.

"अहो, तीन होत्या," ती म्हणाली.

दिरांचा कप बशीवर वाजला. नवरा आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. अंगठा एकेका बोटाला टेकवत तो तीनपर्यंत गेला आणि थांबला.

"आणि तू मला बावीस वर्षं बोलू दिलंस."

मुलगी रडत होती, पण तिने कागद पुढे सरकवला.

"हे लिहून द्याल, काकू?"

तिने गाळणी खाली ठेवली, ओले हात पुसले आणि खुर्ची ओढली.