न पाहिलेली काच

कॅमेऱ्याच्या भिंगाचं पितळी झाकण, रुपयाहून थोडं मोठं, आतून काळ्या मखमलीचं – आणि कडेला खोबरेल तेलाचा एक चिमुकला ठसा... नूरबानोच्या बोटाचा. खंडेरावांनी ते उलटंपालटं केलं, पुसलं मात्र नाही. मेनरोडवरच्या त्यांच्या फोटोच्या दुकानात दुपारचं ऊन उंबऱ्याशी आलं होतं, आणि आतल्या अंधाऱ्या खोलीत, लाकडी कप्प्यात बंद असलेली, फोटो टिपलेली ती काच अजून धुवायची होती. ती एकच काच.

एकच, कारण गुलजारबींनी सकाळी बागवानपुऱ्यातल्या घरी पडद्याआडून ठणकावलं होतं, "मास्तर, एक म्हंजे एक. आणि यंत्र बघंल ते बघंल, तुम्ही नाय बघायचं. आज नाय, नंतर बी नाय." सत्तर वर्षांत परक्या पुरुषाची नजर त्या चेहऱ्यावर पडलेली नव्हती. पण अकरा वर्षं मोंबासात असलेल्या निसारनं, त्यांच्या धाकट्यानं, लिहिलं होतं – अम्मीचा चेहरा आठवेनासा झालाय... त्या शब्दापुढं म्हातारी नमली. फोटो नातीनं काढायचा, या अटीवर.

नात म्हणजे नूरबानो, दहा वर्षांची. आठ दिवस खंडेराव तिला शिकवत होते. भिंगातलं छिद्र म्हणजे नळ, उजेड म्हणजे पाणी. मैदानात दुपारी पाणी धो धो येतं, तिथं बारीक छिद्र नि चटकन झाकण. घरात धार बारीक, तिथं छिद्र मोठं करायचं आणि हंडा भरेतो थांबायचं. दोन हात चार बोटं दोरीला गोटा बांधून टांगला होता – या टोकाचा त्या टोकाला गेला की एक सेकंद. पोर झोपेतसुद्धा बरोबर मोजेल, इतकी तयार झाली होती.

मग चूक झाली असेल तर कुठं? छिद्र बारीक ठेवलं असतं तर पुढचं-मागचं सगळं स्वच्छ आलं असतं, पण सोळा सेकंद – आणि गुलजारबींची मान किंचित हलते, हे नूरनंच सांगितलेलं. म्हणून मोठं छिद्र, चार सेकंद. मोठ्या छिद्राची खोड अशी की भिंगाची नजर जिथं ठरवाल तेवढंच रेखीव. म्हातारी चार बोटं पुढं झुकली तर डोळे धूसर झालेच. म्हणून खंडेरावांनी रिकाम्या खुर्चीच्या पाठीला, थोडं पुढं, वर्तमानपत्र टांगून त्याच्या अक्षरांवर नजर ठरवली, आणि ओसरीवर येऊन दार लोटून घेतलं. आतून आवाज... एक... दोन... तीन... आणि मग काहीच नाही. किती वेळ! दहा झोके? वीस? मी ओरडायला हवं होतं का? पण ओरडलो असतो तर म्हातारी दचकली असती... आणि मग, अगदी शांतपणे – चार.

ओसरीवरून परत येताना विचारायचा धीर झाला नव्हता. चाळीस वर्षं स्वतःच्या डोळ्यांवर दुकान चालवलेला माणूस, आणि आज...

"मास्तर, चला ना," नूरबानो दारात उभी होती. "दादी म्हणाली, धुतल्याबिगर घरी येऊ नको."

लाल कंदिलाच्या उजेडात तिनं काच चित्र उमटवणाऱ्या मसाल्यात सोडली. खंडेराव भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

"पाळण्यासारखी हलव."

"हलवते. शाळेत शिक्षा झाल्यागत दिसताय तुम्ही."

"झालीच आहे. काय दिसतंय?"

"काय नाय."

भिंतीला पोपडा आला होता. तो ते इतका वेळ पाहत राहिले की त्याचा नकाशा झाला, मग ढग, मग कुणाचा तरी चेहरा – घाईघाईनं त्यांनी डोळे मिटले.

"आली! मास्तर, दादीची ओढणी काळी झाली. केस बी काळे. जवान झाली दादी!"

"काचेवर काळं-पांढरं उलटं असतं, पोरी. आता पाण्यातून काढून हायपोत टाक, म्हणजे चित्र पक्कं होईल."

पांढुरका थर विरघळेपर्यंत ते थांबले. मग काच धुऊन कंदिलासमोर धरायला सांगितली. "पापण्यांचे केस वेगवेगळे दिसतात?"

नूरनं काच डोळ्यांजवळ नेली. "मोजू?"

 खंडेरावांनी भिंतीला हात टेकला. "आणि तिनानंतर काय झालं गं?"

"दादीला हसू आलं. मी झाकण लावलं. गप झाली, पुन्हा तशीच बसली, तवा चौथं मोजलं."

हे त्यांनी शिकवलेलं नव्हतं. हे कुणीच तिला शिकवलेलं नव्हतं.

"फक्त ओठ जरा... दोन-दोन आलेत. एक गप आणि एक मघाचं हसू राहिलेलं. वाईट झालं का?"

असली काच त्यांनी कुणाही गिऱ्हाइकाला दिली नसती. निसारला कुठली आई आठवेल – गप्प की हसू आवरणारी – कोण सांगणार? "नाही," ते म्हणाले, आणि म्हणताना त्यांना कळलं की हे धीर देण्यासाठी नाही. "उद्या उन्हात कागदावर छापू. तेही तूच."

ती हात पुसत पळाली. पाठीमागं मांडणीवर काच वाळत होती, थेंब टपटपत होता. मान वळवायचा अवकाश. खंडेराव तसेच उभे राहिले. न पाहण्याच्या वचनाची आठवण त्यांना बरीच उशिरा झाली... तोवर, पाहिल्यावाचून चांगली निघालेली एक गोष्ट पाठीशी घेऊन नुसतं उभं राहण्यात त्यांचा बराच वेळ गेला होता.