विजारीच्या सीनमागचा आवाज

टेप्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. लहानपणी त्याने घरातल्या टेपरेकॉर्डरची आतडी बाहेर काढली, तेव्हा काकांनी ते ठेवलं, आणि सिनेमाला आवाज लावायच्या धंद्यात केस पांढरे झाले तरी सुटलं नाही. आईवडलांच्या मागे त्याला वाढवलं ते काकांनीच. काका फौजेत वायरलेसवर होते. पुतण्या काय करतो असं कोणी विचारलं की म्हणायचे, "सिनेमातली दारं वाजवतो." झालं, विषय संपला. या माणसाच्या तोंडून एकदा, अहो एकदाच, शाबासकी ऐकावी म्हणून टेप्याचा जीव तुटायचा. आणि काका आता थकले होते.

म्हणून फौजेतल्या वायरलेसवाल्यांवरचा सिनेमा हाती आला तेव्हा त्याला आभाळ ठेंगणं झालं. मोर्सचा खटका, म्हणजे टिकटिकीच्या खुणांनी निरोप पाठवायचं यंत्र, वाजवायला त्याने थेट काकांनाच स्टुडिओत आणलं. गाद्या ठोकलेल्या भिंती, मधोमध टेबल, त्यावर खटका आणि माइक. काकांनी खुर्ची मागेपुढे केली, मनगट टेकवून पाहिलं.

"काय वाजवू?"

"काहीही वाजवा हो. कोणाला कळतंय? टिकटिक ऐकू आली म्हणजे झालं."

काकांनी खटका एकदा दाबून पाहिला. मग वाजवू लागले, आणि बराच वेळ वाजवत राहिले. संपल्यावर चष्मा पुसत म्हणाले, "जपून वापर रे."

"खटका भाड्याचाच आहे, काका," टेप्या म्हणाला. असा हा दिवटा!

दिग्दर्शकाला मध्यंतराआधी हशा हवा होता. लढाई ऐन भरात असताना स्वयंपाक्याची विजार काटेरी तारेत अडकून सुटते आणि तो तसाच धूम पळतो, असा सीन त्याने घातला होता. टेप्याने त्यामागे काकांची टिकटिक टाकली. वेग वाढवला. मधला एक तुकडा ठेक्यात फक्कड बसत होता, तो पुन्हा पुन्हा जोडला. सीन रेंगाळतोय म्हणून दिग्दर्शकाच्या मागे लागून तो आखूडही करून घेतला. मग स्वतःवरच खूश होऊन चहा मागवला.

सिनेमा लागायच्या आदल्या दिवशी ओळखीपाळखीच्यांसाठी खेळ ठेवला होता. काकांनी तुकडीतले जुने सोबती बोलावले. उरलेत कितीसे, एक रांगसुद्धा भरली नाही. विजारीचा सीन आला आणि थिएटर खो खो हसत सुटलं. टेप्या पडद्याकडे बघतच नव्हता, त्याचं सगळं लक्ष काकांकडे. काका खुर्चीच्या दांड्यावर अंगठी वाजवत होते. शेजारचा म्हातारा बोटाने, त्याच्या पलीकडचा काठीच्या मुठीवर. रांगच्या रांग ठेका धरून बसलेली! टेप्याची छाती फुगली. जिंकलं, म्हटलं.

मध्यंतरात तो धावतच बाहेर आला. "काका, ठेका धरलात ना? पाहिलं मी!"

"ठेका नव्हता तो. उत्तर देत होतो." काकांचा आवाज नेहमीसारखाच होता. "पुढच्या चौकीवर आमचा एक जण होता. चौकीला वेढा पडला, आणि तो दिवसभर खटक्यावर विचारत राहिला, ऐकताय का, आहात का. आम्हाला हुकूम होता, खटक्याला हात लावायचा नाही. लावला असता तर आमची जागा शत्रूला कळली असती. सगळे नुसते ऐकत बसलो. मग तो थांबला. तुला वाजवून दिलं ते त्याचंच, त्याच्याच पद्धतीने. म्हटलं, सिनेमात कुठे तरी राहील. तू जो तुकडा पुन्हा पुन्हा लावलास ना, ते 'आहात का'."

टेप्याची कानशिलं तापली. मग मला सांगितलं का नाही, असं अगदी ओठांवर आलं होतं. अरे शहाण्या, तू विचारलंस का? त्या माणसाची शेवटची हाक घेतलीस आणि उघड्या पायांच्या स्वयंपाक्यामागे लावलीस! आपण इतके हलके आहोत हे त्याला आजवर कोणी सांगितलं नव्हतं, आणि आता कोणी सांगायची गरजही उरली नव्हती. धरणी दुभंगली असती तर बरं झालं असतं.

तेवढ्यात दिग्दर्शक आला आणि त्याने काकांच्या पाठीवर थाप मारली. "काका, तुमच्या टिकटिकीने काय धमाल आणली!"

आता तरी बोलायचं होतं. टेप्या हसला. होय, हसला, कामावर हसायची सवय असते तसा. काका म्हणाले, "आभारी आहे."

दिग्दर्शक पुढे गेल्यावर काठीवाला म्हातारा जवळ सरकला. "बाळ, तो भाग थोडा लांबवता येईल का रे? माझी बोटं आता चालत नाहीत. माझं उत्तर अर्धंच राहिलं."

सिनेमा सगळीकडे रवाना झाला होता. आता एक टिक इकडची तिकडे होणार नव्हती.

"बघतो, आजोबा," टेप्या जमिनीकडे बघत म्हणाला.

काकांनी सोबत्याच्या खांद्यावर हात ठेवला. "करेल तो. आमचा पोरगा कामात पक्का आहे."