सव्वीस ओळींची सापसुरळी

"साहेब, डोंगरावर पाऊल न ठेवता तिथे वेगळं काही राहत नाही असं तुम्ही लिहिलंत. धडधडीत खोटं लिहिलंत."

नम्रताने एवढं खरडलं आणि कागद रंगनाथ सरांपुढे सरकवला. सर कॉलेजातून निवृत्त झालेले. शनिवार पेठेतल्या दोन खोल्यांत ते, मायक्रोस्कोप आणि बरण्या. अकोल्याची ही पोरगी कोथरूडला क्लासमध्ये शिकवून उरलेला वेळ तीन वर्षं इथेच काढत होती.

"'धडधडीत' राहू दे," सर म्हणाले. "पण पुढे तुझा पराक्रमही येऊ दे."

पराक्रम असा. सह्याद्रीच्या एका उंच माथ्यावर तिला सापसुरळी दिसली होती. चार पायांची, सापासारखी तुळतुळीत, पण गळा तांबूस. नमुने आणायला वनखात्याची परवानगी हवी, आणि अर्जात प्राण्याचं नाव यादीतूनच निवडायचं. ज्याला अजून नावच नाही त्याचं काय? खिडकीतले बाबू म्हणाले होते, "अहो मॅडम, साधी सापसुरळी टाका. तिला कुठे वाचता येतंय?" नम्रता हसली होती. आणि तेच टाकलं होतं.

आता त्या माथ्यावर दगडखाण मंजूर झाली. हिने हरकत घेतली, तर त्याच खात्याच्या साहेबांचं उत्तर आलं: स्थळपाहणीत वेगळं काही आढळलं नाही, आपल्याच अर्जानुसार सदर प्राणी सर्वत्र आढळतो, सबब हरकत फेटाळली. नव्या जातीचं वर्णन छापून यायला अजून चार महिने. सुरुंग सोमवारी.

"सर, मुळात मीच चुकले असेन तर? परत मोजते."

सरांकडे मोजायची रीत होती. एकाने मोजायचं, दुसऱ्याने लिहायचं, आणि आधीची वही कपाटात बंद. साध्या सापसुरळीच्या अंगाभोवती खवल्यांच्या तीस ते चौतीस ओळी. नम्रताने बरणीतली उचलली, ओल्या कापडावर निजवली, सुई टेकवून एकेक खवला ओलांडला. दोन वेळा मोजणी चुकली, दोन वेळा पहिल्यापासून.

"सव्वीस."

सरांनी कपाट उघडलं. पाच नमुने, दोन वर्षं, दर खेपेला सव्वीस.

"प्राणी खरा आहे," ते म्हणाले. "खोटा फक्त तुझा अर्ज."

तिने कागद पुन्हा पुढ्यात ओढला. मग तेही लिहिलं: दोन वर्षांपूर्वी परवानगी लवकर मिळावी म्हणून मी जाणूनबुजून चुकीचं नाव निवडलं.

खिडकीत तेच बाबू होते. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा वर ढकलला. "मॅडम, स्वतःच्याच पायावर धोंडा? पुन्हा परवानगी मिळायची नाही हं."

"माहितीये. पोच द्या."

"साहेब मीटिंगमध्ये आहेत."

"साहेब नकोत. शिक्का द्या."

शिक्का मारण्याआधी बाबूंची नजर शेवटच्या ओळींवर अडकली.

"मी माझं खोटं लेखी मागे घेतलं आहे. तुम्ही तुमचं कधी घेताय? सोमवार उजाडायच्या आत, सही करून सांगा."