दोन दोर, एक कडी

नवरा दोराला लटकून उंच इमारतींच्या काचा पुसायचा आणि बायकोचा जीव घरात टांगणीला लागलेला असायचा. भांडं पडलं तरी ती दचकायची. शेवटी नणंदेला तिची दया आली. ही नणंद शाळेत गणित शिकवायची. दुसऱ्याची काळजीही फळ्यावर मांडल्याशिवाय तिला कळत नसे.

"वहिनी, दादाचे दोर दोन. एक बसायचा, एक राखीव. एका दोराने दगा द्यायची शक्यता समज शंभरात एक. दोन्ही एकदम जायचे म्हणजे गुणाकार. दहा हजारात एक! फक्त एकाचा दुसऱ्याशी संबंध नको, एवढीच अट."

बायकोला कितीतरी दिवसांनी भूक लागली. नवऱ्याला आणि नणंदेला वाढता वाढता तिने सहज विचारलं, "दोन्ही दोर बांधता कुठे हो?"

"गच्चीवरच्या कडीला."

"दोन्ही?"

"दुसरी कडी पार पलीकडच्या टोकाला. तिथवर कोण तंगडतोड करणार? आम्ही सगळे एकीलाच बांधतो. आजवर काही झालंय का?"

"नाही झालं, म्हणून तर समोर बसून जेवताय."

तो हसला. नणंद मात्र हसली नाही.

"मग गुणाकार गेला, वहिनी," ती हळूच म्हणाली. "कडी निखळली की दोन्ही दोर बरोबरच जाणार."

"बरं बाई, उद्यापासून वेगळे बांधतो," म्हणत त्याने दोघींची बोळवण केली.

दुसऱ्या दिवशी बायकोचं कशात लक्ष लागेना. दूध उतू गेलं, नळ वाहत राहिला. नवऱ्याचं 'उद्या' तिला चांगलं ठाऊक होतं. डबा द्यायचाय अशी रखवालदाराला थाप मारून तिने गच्ची गाठली. दोन्ही दोर एकाच कडीत, आणि हे महाशय खाली काचेपाशी मजेत शीळ घालताहेत!

तिचं डोकंच फिरलं. पण ओरडावं तर तो दचकेल, गाठीला हात लावावा तर त्याहून वाईट. राखीव दोराचं उरलेलं टोक कडीपाशी वेटोळं होऊन पडलं होतं. तिने ते ओढून टाकीच्या खांबाला वेढे दिले आणि सुटं टोक दोन्ही हातांत गच्च धरून बसली.

"वर कोण आहे रे?" खालून आवाज आला.

"मी."

"तू? आणि तिथे काय करतेयस?"

"दुसरा दोर धरलाय. खांबाला गुंडाळलाय."



"हात सोलून निघतील तुझे," तो म्हणाला.

"निघू देत. तुम्ही आधी वर या," म्हणताना तिला रडू फुटलं, पण मूठ तिने सैल केली नाही.