विचारल्याशिवाय बोलायचं नाही

मेघालीनं वाकून होमप्लेटवरची धूळ छोट्या ब्रशनं झाडली, ब्रश खिशात घातला आणि मास्क तोंडावर ओढला. झाडताना पाठ मैदानाकडे करायची, बघणाऱ्या लोकांकडे नाही, ही रीत तिला विनितानं शिकवली होती. आता पहिल्या बेसजवळ उभी राहून विनिता सकाळपासून तीच पाठ बघत होती आणि तिच्या पोटात दुखत होतं.

दुखणारच. सॉफ्टबॉल विनितानं शिकवला, अंपायरच्या परीक्षेचा फॉर्म हिनं आणून दिला, गणेशपुरीची एसटी चुकली की दापोड्याच्या आपल्या घरी जेवायला-झोपायला हिनं ठेवून घेतलं. आणि प्लेटमागं उभी कोण, तर मेघाली. ती ‘स्ट्राइक’ म्हणाली की आवाज मैदानाशेजारच्या गोदामाच्या पत्र्यावर आपटून परत यायचा. ट्रेलर धुणारे क्लीनरसुद्धा हात थांबवून बघायचे. विनिताच्या वाट्याला काय, तर बेस. पळणारी पोर आधी पोचली का बॉल आधी पोचला, एवढं सांगायचं आणि बाकी वेळ मूग गिळून उभं राहायचं.

शेडमध्ये केसरीनाथ सर वही घेऊन बसले होते. राज्य स्पर्धेला जिल्ह्यातून एकच अंपायर जायचा होता, आणि ते नाव सर आजच लिहिणार हे दोघींना ठाऊक होतं. विनिताचं हे वाट बघण्याचं तिसरं वर्ष. मेघालीचं पहिलं.

चार वाजून गेले. ऊन विनिताच्या पाठीवर तापत होतं आणि तिची सावली बेस ओलांडून पुढं पडली होती. शेवटचा डाव, अकलोलीकडचा संघ शहरातल्या संघापेक्षा एका धावेनं मागं, दोघी बाद झालेल्या. बॅट घेऊन आली रुचिका नावाची काटकुळी पोर. बघता बघता तीन बॉल, म्हणजे बाहेरून गेलेल्या फेकी, आणि दोन स्ट्राइक झाले. आणखी एक स्ट्राइक पडला की सामना संपला; आणखी एक बॉल मिळाला की तिला पहिला बेस फुकट.

पिचरचा हात फिरला. विनितानं या वेळी बॅटकडं बघायला हवं होतं. ती बघत होती मेघालीकडं. किती खाली बसते, गुडघा हलतो का, सरांची नजर तिच्यावरच आहे का.

रुचिकानं बॅट थोडी पुढं काढली आणि आवरली. बॉल कॅचरच्या ग्लोव्हला लागून मागं धुळीत गेला.

“बॉल,” मेघाली म्हणाली. रुचिकानं बॅट खाली टाकली आणि पहिल्या बेसकडं रमतगमत निघाली.

कॅचर उठून उभी राहिली. “मॅडम, बॅट फिरली हो तिची. बेसच्या मॅडमना विचारा ना.”

नियम साधा होता. बॅट फिरली तर स्ट्राइक, आवरली तर बॉल. प्लेटमागून नीट दिसलं नसेल तर बेसवरच्या अंपायरला विचारायचं. विचारल्याशिवाय तिनं बोलायचं नाही, पण एकदा विचारलं की तिचा शब्द शेवटचा.

मेघालीनं मास्क काढला आणि डावा हात लांब केला. “फिरली का?”

सगळं मैदान विनिताकडं वळलं. सकाळपासून पहिल्यांदाच. शेडमधली सरांची नजरसुद्धा तिच्यावर आली. आपण बॅट बघितलीच नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. तिनं मूठ वळली आणि हात वर केला.

“स्ट्राइक.”

किती बरं वाटलं म्हणून सांगावं. मेघालीचं चुकलं, आणि तेही चारचौघांत, विनिताच्या तोंडून.

स्ट्राइक ऐकताच कॅचर मागं धावली. तिसरा स्ट्राइक कॅचरच्या हातून सुटला तर बॅटरला पळता येतं. पण रुचिका पळत कुठं होती, ती अर्ध्या वाटेत थांबून आपल्या सरांचं तोंड बघत होती. बॉल पहिल्या बेसवर आधी पोचला. विनितानं दुसऱ्यांदा मूठ वर केली. बाद. शहरातल्या पोरी नाचायला लागल्या.

अकलोलीच्या पोरींचे चिंधू सर तरातरा आत आले.

“असं कसं हो मॅडम? तुमी बॉल म्हनालात म्हणून पोर चालत गेली. स्ट्राइक म्हनला असता तर पळाली नसती का ती?”

मेघालीनं विनिताला बाजूला बोलावलं. “ताई, बॅट फिरलेली बघितलीस ना तू?”

“बघितली.”

मेघालीनं मास्क काखेत मारला. मग दोन्ही संघांच्या सरांकडं वळली.

“स्ट्राइकच आहे. पण आमचा निकाल आम्ही फिरवला, त्याचा भुर्दंड पोरीला न्हाय. माझं ऐकून चालत होती ती. ती बेसवर राहील. खेळ चालू.”

शहरातल्या सरांनी कुरकुर केली, पण शेडमधून केसरीनाथ सरांनी मान हलवली. म्हणजे झालं काय? बॉल म्हटलं असतं तरी रुचिका बेसवर, स्ट्राइक म्हटलं तरी बेसवर. विनिताच्या मुठीनं काडीचा फरक पडला नाही. मेघालीला नियम किती पक्के येतात, तेवढं मात्र सगळ्यांना कळलं. विनिताचा नुसता जळफळाट झाला. पुढची पोर झेलबाद झाली आणि सामना खरोखरच संपला.

दोघी सामान आवरत असताना केसरीनाथ सर आले. पेन उघडंच होतं.

“विनिता, मला तर बॅट आवरलेली दिसली. तुला कशी फिरलेली दिसली?”

मेघाली खाली बसून पायाच्या गार्डचा अडकलेला पट्टा ओढत होती.

“सर, या वेळेला तिकडं ऊन डोळ्यात येतं,” ती मान वर न करता म्हणाली. “काल मी होते ना बेसवर. काय दिसत न्हाय. कुणाचंही चुकलं असतं.”

“असं होय.” सरांनी वही उघडली. “मग ती चूक मी धरत नाही. दोघी तशा बरोबरीच्याच आहात, आणि विनिताचं तिसरं वर्ष आहे. तिचंच नाव घालतो.”

विनितानं मेघालीकडं पाहिलं. हिला माहीत होतं. मास्कमागं हिलाही डोळे होते, आणि आपण कुठं बघत होतो ते त्या डोळ्यांना तेव्हाच दिसलं असणार. आता हे नावसुद्धा हिच्या हातून घ्यायचं, आणि जन्मभर हिचे उपकार वागवायचे. तेवढं मात्र तिला सोसेना.

“ऊन पाठीमागं होतं, सर,” विनिता म्हणाली. “मी बॅटकडं बघतच नव्हते.”

सरांचं पेन थांबलं. “मग कुठं बघत होतीस?”

मेघालीची बोटं पट्ट्यावर तशीच राहिली.

“हिच्याकडं,” विनिता म्हणाली, आणि खाली बसून तिचा अडकलेला पट्टा सोडवायला लागली.