रेघेजवळ अंथरलेली घोंगडी

मित्रांनो, माझ्या अंगाला मेंढराचा वास येतो म्हणून नाक मुरडू नका. मी वडगाव रासाईच्या मल्हारी आबांची जुनी घोंगडी आहे. रंगानं काळी, अंगानं खरखरीत. मऊपणाचं कौतुक हवं असेल तर दुकानातल्या ब्लँकेटकडे जा.

माझा जन्म आबांच्याच कळपातून झाला. तेव्हा त्यांची मेंढरं भीमेच्या काठानं चरत फिरायची. आबांच्या आई आक्काबाई, त्यांनी लोकर पिंजून सूत काढलं. सणगरानं ते मागावर विणलं आणि चिंचोक्याची खळ लावून मला असं ताठ केलं, की पहिल्या दिवशी आबांनी मला पांघरलं की मीच आबांना पांघरलं, हे सांगणं अवघड होतं.

मेंढरांच्या तळावर माझा मान मोठा होता. कुणाचं भांडण लागलं, कुणाचं कोकरू कुणाच्या कळपात सापडलं, की मला अंथरायचे. चपला बाहेर निघायच्या. माझ्यावर बसून खोटं बोलायचं नाही, असा त्या लोकांचा रिवाज. ज्याला खोटंच बोलायचं असे, तो आधी उठून बाजूला उभा राही, आणि तेवढ्यावरच सगळ्यांना काय ते समजे.

पुढं मेंढरं विकली गेली. आबा शेती करू लागले. घरात गाद्या आल्या आणि आबांच्या मंडळी गिताबाई मला वळणीवर टाकू लागल्या. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण आबा गावाबाहेर निघाले, की मी त्यांच्या खांद्यावर असायचीच.

असाच एक प्रवास सांगते. साल दोन हजार एक असेल. आबांचा मुलगा सुरज कारेगावजवळच्या एका कारखान्यात कामाला होता. चार वर्षं झाली, तरी कंत्राटीच. दर सहा महिन्यांनी ब्रेक, पुन्हा गेटवर उभं राहणं. लग्नाची बोलणी आली, की मुलीकडचे पहिलं विचारायचे, मुलगा पर्मनंट आहे का? तेवढ्यावर दोन स्थळं मोडली होती. सुरज बॅट मात्र झकास चालवायचा. कारखान्याचा संघ दौंडच्या स्पर्धेत शेवटच्या सामन्यापर्यंत पोचला, तेव्हा साहेबांनी सगळ्यांसमोर शब्द दिला, की कप आणलात तर दोघांना पर्मनंट करतो. त्यात एक नाव सुरजचं होतं.

मग आबा घरी थांबतात कसले? न्हावऱ्याला संघाचा टेम्पो थांबला आणि आम्ही दोघं मागच्या बाजूला चढलो. वाटेत पोरं गाणी म्हणत होती. आबांचा हात सारखा कमरेच्या भंडाऱ्याच्या पिशवीकडे जात होता.

त्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती. संघातला एक गोलंदाज दौंडचाच. सामन्याआधी तो सगळ्यांना आपल्या वस्तीतल्या विहारात घेऊन गेला. काय ती गर्दी! रांग पार रस्त्यापर्यंत आलेली. बायामाणसं, पोरंबाळं, सगळ्यांच्या अंगावर पांढरीशुभ्र वस्त्रं. आत मेणबत्त्या, अगरबत्त्या, फुलं, आणि एवढी माणसं असूनही कमालीची शांतता.

आणि तिथं आबांनी घोटाळा केला. देव म्हटलं की भंडारा, एवढंच त्या माणसाला ठाऊक. रांगेतून मूर्तीसमोर पोचताच त्यांनी पिशवीत हात घातला आणि माझ्या पोराला पर्मनंट कर, तुला पाच नारळांचं तोरण बांधीन, असं मोठ्यानं म्हणत मूठभर भंडारा उधळला. पुढं बसलेल्या बायांच्या पांढऱ्या लुगड्यांवर पिवळे डाग पडले. चाललेली बुद्धवंदना मध्येच थांबली. एका तरुणानं आबांचं मनगट धरलं. सुरजनं मान खाली घातली. आबांचा चेहरा तर पार उतरला. आपलं काय चुकलं, हेच त्यांना कळेना.

त्या बायांत गोलंदाजाची आई होती, धुरपदाबाई. सगळ्यात जास्त डाग तिच्याच पदरावर होते. तिनं पदर झटकला, त्या तरुणाला हात सोडायला सांगितला आणि आबांना म्हणाली, "बाबा, हितं नवस नसतो. हितं मागायचं न्हाई, आपन शबुद द्यायचा."

कसला शब्द, असं आबांनी विचारलं. तिनं सोप्या बोलीत पाच शीलं सांगितली. जीव मारणार नाही, चोरी करणार नाही, वाईट वागणार नाही, खोटं बोलणार नाही, दारू पिणार नाही. चौथ्यापाशी आबांनी मान हलवली आणि हळूच म्हणाले, "ह्ये आमच्या घोंगडीवर बी हाय."

धुरपदाबाई सरकून बसली. आबांनी मला अंथरलं. अर्ध्यावर ते बसले, उरलेल्या अर्ध्यावर तिचा डागाळलेला पदर पसरला. वंदना पुन्हा सुरू झाली. एकेक ओळ आबा तिच्यामागून म्हणत गेले. शब्द त्यांना येत नव्हते, तरी एकही ओळ त्यांनी सोडली नाही. शेवटी खिरीचा द्रोण हातात घेऊन ते बाहेर आले, तेव्हा त्यांचे डोळे ओले होते.

दुपारी मैदानावर सामना लागला. समोर दौंडचाच संघ. आबांनी सीमारेषेच्या अगदी कडेला मला अंथरलं. ती रेषा म्हणजे फक्कीची एक पांढरी रेघ. आबांना क्रिकेटचं ओ का ठो कळत नव्हतं. सुरज खेळतोय, एवढं त्यांना पुरेसं होतं.

शेवटचा चेंडू उरला. कारखान्याच्या संघाला चार धावा हव्या होत्या आणि बॅट सुरजच्या हातात होती. त्यानं चेंडू उंच उचलला. चेंडू थेट आमच्याकडे आला. दौंडचा एक खेळाडू मागं मागं धावत आला, रेघेपाशी वाकला आणि दोन्ही हातांनी चेंडू धरला.

एकच कालवा झाला. त्याचा पाय रेघेला लागला, सिक्स आहे, असं आमची पोरं ओरडू लागली. तो म्हणे, कॅच आहे. पंच लांब होते, त्यांना काही दिसलं नव्हतं. एवढ्या जवळून पाहणारं माणूस एकच होतं, आणि ते माझ्यावर बसलं होतं.

पंचांनी आबांना विचारलं. साहेबही धावत आले आणि म्हणाले, "सांगा आबा, पाय लागला ना?"

आबांच्या बोटांनी माझा काठ घट्ट धरला. ती बोटं मला अजून जाणवतात. मित्रांनो, त्यांना उठता आलं असतं. बाजूला उभं राहून हवं ते बोलता आलं असतं. त्या मैदानात कुणाला आमचा रिवाज माहीत होता? मला वाटलं, आता उठतील. बापाचं काळीज होतं ते. पण आबा उठले नाहीत.

"न्हाई लागला," ते म्हणाले. "चार बोटं आत व्हता."

साहेब चिडले. म्हाताऱ्याला क्रिकेटमधलं काय कळतंय, याचं कसलं धरता, असं ते पंचांना म्हणाले. पंचही घुटमळले. त्यांनी सुरजकडे पाहिलं. वडिलांना नीट दिसत नाही, एवढं त्यानं म्हटलं असतं तरी भागलं असतं. सगळा संघ त्याच्याकडे बघत होता.

सुरजनं त्या पांढऱ्या रेघेकडे पाहिलं. मग म्हणाला, "आबांना क्रिकेट कळत न्हाई. पन रेघ कळती." आणि तो बॅट काखेत मारून मैदानाबाहेर चालू लागला.

कप दौंडला राहिला. साहेबांनी सुरजकडे पाहिलंसुद्धा नाही. पुढच्या ब्रेकनंतर त्याला परत बोलावणं आलं नाही, आणि पर्मनंट तो कुठंच झाला नाही. आज तो गावातच शेती करतो. पण त्या दिवशी पॅड सोडून तो माझ्यावर, आबांच्या शेजारी येऊन बसला होता. आबांनी खालमानेनं विचारलं, मी बोललो नसतो तर तुझं भलं झालं असतं ना? सुरज म्हणाला, "तर मला हितं बसाया जागा ऱ्हायली नसती." आबा त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मला त्या दोघांचं फार वाईट वाटलं, आणि तितकाच अभिमानही वाटला.

आबा आता नाहीत. मी पोटमाळ्यावर असते. एका कोपऱ्यात कसर लागली आहे, दोन भोकंही पडली आहेत. मित्रांनो, तुमच्या घरात अशी एखादी घोंगडी असेल तर तिला वर्षातून एकदा ऊन दाखवा, भोक पडलं तर टाका घाला. आणि तिच्यावर बसलात तर खरं बोला. ज्या बापानं माझ्यावर बसून स्वतःच्या पोराला बाद दिलं, त्याची ऊब अजून माझ्या लोकरीत आहे. तिला कसर लागू देऊ नका.