मी सपाट नाही, मी घड्याळ आहे

मित्रांनो, मी एक जुनं, चावीचं, ठोके देणारं भिंतीवरचं घड्याळ आहे आणि स्वभावाने मत्सरी आहे. आपली कहाणी सांगणारे हे सहसा शेवटी कबूल करतात, किंवा करतच नाहीत. मी आधीच सांगून मोकळा होतो, म्हणजे पुढे माझ्याबद्दल तुमचं मत बिघडायला जागा उरणार नाही.

माझा जन्म तीन भावांच्या कारखान्यात झाला. थोरला चाकं कापायचा, धाकटा ठोक्याचा आवाज जुळवायचा आणि मधला तबकडी रंगवायचा. मधल्याने माझा बाराचा आकडा दोनदा पुसून तिसऱ्यांदा काढला. तेव्हाच मला कळलं की आपण कुणीतरी विशेष आहोत. आपल्याला एखाद्या मोठ्या स्टेशनात टांगतील, गाड्या आपल्याकडे बघून सुटतील, अशी माझी समजूत होती. नशिबी आली गणित विभागाची खोली क्रमांक चार, जिथे कुणाला वेळेची पडलेली नसते.

दर सोमवारी शिपाईमामा स्टुलावर चढून मला चावी द्यायचे, सदऱ्याच्या बाहीने माझी काच पुसायचे. त्या खोलीत बीजगणिताच्या बाई शिकवत. पहिल्याच दिवशी त्यांनी खडू माझ्याकडे रोखला आणि माझा लंबक अभिमानाने जरा जास्तच हलला.

"या घड्याळावर बारा म्हणजे शून्य," बाई म्हणाल्या. "तीन तास चार वेळा मिळवा, शून्यावर याल. चार तास तीन वेळा मिळवा, शून्यावर. सहा तर दोनदाच. स्वतः शून्य नाही, पण शून्य नसलेल्या एखाद्या आकड्याने गुणलं की शून्य होतं, अशा गोष्टीत टॉर्शन आहे म्हणायचं. हे घड्याळ म्हणजे नुसतं टॉर्शन."

मला वाटलं, ही पदवी असावी.

मग बाईंनी फळ्याच्या कडेला टेकवलेली लाकडी पट्टी उचलली. हिच्यावर शून्य सोडून कुठलाही आकडा घ्या, कितीही वेळा मिळवा, शून्यावर परत येत नाही, म्हणून हिच्यात टॉर्शन नाही, असं त्यांनी सांगितलं. कुणीतरी म्हणालं, पट्टी तर शंभरावर संपते. बाई म्हणाल्या, ती दोन्हीकडे संपत नाही असं समजा. सगळ्यांनी लगेच समजलं. माझ्या बाबतीत असं कुणी कधी काही समजून घेतलेलं नाही.

पुढचं तर फार लागलं. आकड्यांची दुप्पट करा, असं बाई म्हणाल्या. दुप्पट ही सज्जन कृती आहे, ती दोन वेगळ्या आकड्यांना कधी एक करत नाही. पट्टीवर एकाचे दोन होतात, साताचे चौदा होतात, वेगळे ते वेगळेच राहतात. घड्याळावर एकाचे दोन होतात आणि साताचे चौदा, म्हणजे पुन्हा दोनच. वेगळ्यांना वेगळं ठेवणाऱ्या सगळ्या रीती जिच्याकडे आल्यावरही वेगळ्यांना वेगळंच ठेवतात ती वस्तू सपाट. पट्टी सपाट आहे. घड्याळ नाही.

'सपाट' हा शब्द बाई अशा सुरात उच्चारत, जसं थोरल्या मुलीचं नाव घ्यावं. तीस वर्षं मी तो सूर ऐकला. पट्टीला तेल लागलं, तिच्यासाठी खिळा ठोकला गेला, तोही नेमका माझ्या खाली. मी पाच मिनिटं मागे पडलो की विभागभर चर्चा व्हायची. पट्टीचा शून्याचा कोपरा झिजून गेला, त्याला मात्र 'अनुभव' म्हणत. माझी बाजू एकदाच कुणी घेतली. निवृत्तीच्या दिवशी शिपाईमामा बाईंना म्हणाले, "या घड्याळामुळे तुमचा तास संपतो. पट्टीच्या भरवशावर राहिलो असतो तर पोरं अजून इथंच बसली असती."

मामा गेल्यावर चावीचं काम एका संशोधक मुलीने स्वतःहून अंगावर घेतलं. बाई तिला धांदल म्हणत. नाव योग्य होतं. चावी देताना ती खडू कानामागे अडकवायची आणि मग खोलीभर शोधायची. पण माझी काच ती ओढणीने पुसायची, म्हणून तिचं सगळं माफ होतं.

आता या विभागाची एक रीत सांगायला हवी. प्रबंध बाहेरच्या परीक्षकांकडे जाण्याआधी विद्यार्थ्याने खोली चारमध्ये कागदाशिवाय एक तास बोलायचं. माझ्या एका ठोक्यापासून पुढच्या ठोक्यापर्यंत. त्याचं बोलणं चालू असताना कुणी काही विचारायचं नाही आणि त्याने थांबायचं नाही.

धांदलीची पाळी आली. तीन वर्षांचं काम उद्या सकाळी टपालात पडणार होतं. परीक्षकांना चूक सापडली तर सगळं परत, आणि पुन्हा पहिल्यापासून. त्या काळजीत सोमवारी ती माझी चावी विसरली.

मी तिनाचे ठोके दिले आणि तिने सुरुवात केली. छान बोलत होती. तिसऱ्या प्रकरणाशी आल्यावर एका दमात म्हणाली, "यात टॉर्शन नाही, म्हणून हे सपाट आहे," आणि जाता जाता पट्टीवर मायेने थाप मारली, "आपल्या पट्टीसारखं."

मला चावी नाही आणि हिला थाप. मित्रांनो, माझ्यात चारच्या ठोक्यांपुरता दम शिल्लक होता. तरी चाराला पाच मिनिटं कमी असताना मी थांबलो. हे मी चांगल्या हेतूने केलं नाही.

तिचं बोलणं संपलं. ठोका पडेना. तिने मनगटावर बघितलं. बाई शेवटच्या बाकावरून म्हणाल्या, "विभागाचा तास भिंतीवरचा. तुझ्या मनगटावरचा नाही."

"बाई, माझ्याकडे सांगायला काही उरलं नाही."

"मग तिसऱ्या प्रकरणाचं उदाहरण दे. सपाट म्हणालीस ना, दाखव."

तिने दोन चलांच्या बहुपदी घेतल्या, त्यांतल्या फक्त सुटा आकडा नसलेल्या. टॉर्शन त्यांच्यात अजिबात नाही. या लहान घरातल्या बहुपदी सगळ्या बहुपदींच्या मोठ्या घरात जाऊन बसतात आणि कुणी कुणात मिसळत नाही. आता हीच रीत तिने आपल्या वस्तूवर, म्हणजे याच लहान घरातल्या बहुपदींवर आणली. दोन जोड्या लिहिल्या. एकीत क्ष आधी, य नंतर. दुसरीत य आधी, क्ष नंतर. लहान घरात त्या वेगळ्या होत्या. मोठ्या घरात नेल्या तर दोन्हींचं क्ष गुणिले य हेच झालं आणि तिचा खडू थांबला.

"बाई, या दोन वेगळ्या आहेत."

"आहेत."

"आणि इथे एक होतायत."

"होतायत."

"म्हणजे हे सपाट नाही."

"नाही."

"पण टॉर्शन तर..."

"नाहीये."

धांदल पहिल्या बाकावर बसली.

मग बाई उठून फळ्यापाशी आल्या. म्हणाल्या, "चूक तुझी एकटीची नाही. पूर्णांकांच्या गावात टॉर्शन नाही म्हणजे सपाट, हे खरंच आहे. वेशीबाहेर ते चालेलच असं नाही, हे सांगायला मी दरवर्षी शेवटचा तास राखून ठेवते. आणि दरवर्षी तो तास सुट्टीत जातो. लक्षात राहते ती पट्टी."

तीस वर्षांत पट्टीवर उमटलेला हा पहिला ओरखडा. मला केवढा आनंद व्हायला हवा होता. पण ती पोरगी ओढणीने डोळे पुसत होती, माझी काच पुसायच्या त्याच ओढणीने, आणि मला माझी टिकटिक नसल्याची लाज वाटली.

टपाल गेलं नाही. धांदलीने चार महिने घेऊन तिसरं प्रकरण नव्याने लिहिलं. सपाटपणा मोडला की नेमकं किती विरघळतं, हे पकडणारी टॉर नावाची एक रीत आहे, तिच्यावर. माझी दुप्पट केली की शून्यात विरघळणारे आकडे दोनच, बारा आणि सहा. प्रकरणाचं पहिलं उदाहरण मी होतो. परीक्षकांनी ते उदाहरण सुंदर आहे असं लेखी कळवलं. पत्र बाईंनी मोठ्याने वाचलं आणि मी त्या दिवशी तीन मिनिटं पुढे गेलो.

त्याच पानावर, दोन ओळी खाली, पट्टी होतीच. तिचं काहीच विरघळत नाही, असं.

आता खोली चारमध्ये धांदल शिकवते. वेशीबाहेरची गोष्ट ती पहिल्याच तासाला सांगते आणि सोमवारी चावी देते. मित्रांनो, तुम्हीही एवढं करा. एखादं उदाहरण फार आवडलं म्हणून त्याला नियम करून टाकू नका, ते कुठल्या गावचं आहे हे आधी विचारा. आणि भिंतीवरच्या घड्याळाला वेळेवर चावी द्या, त्याचा दम आणि त्याचा स्वभाव दोन्ही तिच्यावर चालतात.

पट्टीला काही देऊ नका. तिला काही लागत नाही. तेच तर मला बघवत नाही.